लाँस : कोळशाच्या गावात चार दिवस आणि एक मॅच

पॅरिसला जाऊन आयफेल टॉवर न बघता परत आलेला माणूस, अशी सध्या आमच्या सोसायटीत माझी ओळख आहे. खरं तर टॉवर दिसला होता. पण टॅक्सीतून, लांबून, आणि तेव्हा मी पासपोर्ट सापडत नाही म्हणून बॅग उचकत होतो. (पासपोर्ट शर्टाच्या खिशातच होता.)

माझा भाचा उत्तर फ्रान्समधल्या लील शहरात शिकतो. शाळेपासून आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबचा भक्त. मी युरोपला जायचं ठरवल्यावर त्याचा लगेच फोन आला, "मामा, तू येतोयसच तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ये. आर्सेनल लाँसला येतंय, चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा!"

"लेन्स? कॅमेऱ्याची?"

"लेन्स नाही रे, लाँस. 'लाँ' नाकातून म्हण."

नकाशावर शोधलं. गावाची लोकसंख्या ३२ हजारांच्या आसपास आणि तिथल्या स्टेडियमची क्षमता ३८ हजारांहून जास्त. म्हणजे अख्खं गाव, पाळण्यातल्या पोरांसकट, आत बसवलं तरी वर सहा हजार खुर्च्या रिकाम्या! या एका आकड्यासाठी मी हो म्हणून टाकलं. फुटबॉल मला अगदीच परका नाही. लहानपण खडकीत गेलं, तिथे लष्कराच्या मैदानांवर संध्याकाळी चेंडू उडायचाच. पण कुठल्या क्लबसाठी जीव टाकावा असं कधी झालं नव्हतं.

पहिला दिवस (रविवार, १ ऑक्टोबर २०२३)

पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनवरून वेगवान गाडीने लाँस तासाभराच्या थोडं पलीकडे आहे. उतरल्यावर आधी स्टेशनकडेच बघत राहिलो. १९२७ ची इमारत, वास्तुकार युर्बँ कासाँ, आणि आकार चक्क वाफेच्या इंजिनाचा. लांबट बुटकं धूड आणि एका टोकाला घड्याळाचा मनोरा, जसं काही धुराडंच. आत भिंतींवर खाणकामगारांची मोझेक चित्रं. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी चार वर्षं गाव ताब्यात ठेवलं आणि जाताना खाणींत पाणी भरून ठेवलं. लढाई संपली तेव्हा गाव म्हणून फारसं काही उभं नव्हतं. त्यामुळे लाँसमध्ये जे काही 'जुनं' दिसतं ते बहुतेक १९२० नंतरचं.

दुपारचे तीन वाजले होते आणि पोटात कावळे ओरडत होते. इथे पहिला धडा : फ्रान्सच्या लहान गावात दोन-अडीचनंतर हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद होतात, ती थेट संध्याकाळी सातला उघडतात. रविवारी तर बोलायलाच नको. शेवटी एका चौकात फ्रीतची गाडी सापडली. फ्रीत म्हणजे बटाट्याचे फ्रेंच फ्राइज. या भागात त्यांच्या गाड्यांना आपल्याकडच्या वडापावच्या गाडीचा मान आहे. गरमागरम, बाहेरून कुरकुरीत, आत पिठूळ. अर्धा पुडा संपल्यावर भाच्याला आठवलं, "मामा, इकडे हे पारंपरिक पद्धतीने बैलाच्या चरबीत तळतात हं." माझा हात तिथेच थांबला. राहिलेला पुडा त्याने संपवला, तोही जरा जास्तच आनंदाने. शाकाहाऱ्यांनी आणि माझ्यासारख्या अर्धवटांनी आधी विचारून घ्यावं, "युइल वेजेताल?" म्हणजे वनस्पती तेल का? काही गाड्या तेलातही तळतात.

मग गावात फेरफटका. आजचा प्लास द ला रेप्युब्लिक, म्हणजे प्रजासत्ताक चौक, पूर्वी 'हिरवा चौक' होता. १९०६ मध्ये इथे काही शाळकरी पोरं फुटबॉल खेळायची आणि त्यांनीच क्लब काढला, रासिंग क्लब द लाँस. पहिले रंग हिरवा नि काळा : हिरवा या चौकाचा, काळा कोळशाचा. आज जो लाल-पिवळा गावभर दिसतो, बाल्कनीत, बेकरीच्या काचेवर, एका कुत्र्याच्या पट्ट्यावरसुद्धा, तो १९२४ च्या सुमाराचा. कथा अशी सांगतात की तेव्हाचे अध्यक्ष पिएर मोग्लिया युद्धात पडलेल्या सां-लेजे चर्चच्या अवशेषांपाशी उभे होते. कोणी तरी म्हणालं, या गावावरच्या स्पॅनिश सत्तेची ही शेवटची खूण. (सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाँस स्पेनच्या राजाकडे होतं.) झालं, स्पेनच्या झेंड्याचे रंग उचलले. पण गावातल्या कोणालाही विचारा, स्पेनचं नाव निघत नाही. लाल म्हणजे खाणीत सांडलेलं रक्त आणि पिवळं म्हणजे कोळशाचं सोनं. खेळाडूंना म्हणतातच 'सां ए ओर', रक्त आणि सोनं. मला विचाराल तर गावाने आपल्यापुरती दुरुस्ती केली ते बरंच केलं.

मुक्काम खाणकामगारांच्या जुन्या वसाहतीतल्या एका घरात होता. घरमालकीणबाई सत्तरीच्या आतबाहेर. दार उघडताच त्यांनी कॉफी पुढे केली आणि एका घोटात मी माटुंग्याला पोचलो. चिकोरी! या मुलखात चिकोरीची लागवड होते आणि कॉफीत ती भरपूर घालतात. सोबत खसखशीचा गुंडाळलेला केक. तो मात्र पोलिश. बाईंचे आजोबा पोलंडचे, तिथून जर्मनीतल्या रूरच्या खाणीत आणि तिथून इथे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सची तरुण पिढी कापली गेली, खाणींना हात कमी पडले, म्हणून १९२० नंतर पोलिश कुटुंबं गाड्या भरभरून आणली गेली. नंतर इटालियन आले, मोरोक्कन आले. बाईंच्या गल्लीतल्या दारांवरच्या पाट्या वाचल्या तरी हा क्रम लागतो.

दुसरा दिवस (सोमवार, २ ऑक्टोबर)

सकाळी शेजारच्या लूस-आं-गोएलला गेलो. सपाट मुलखात दोन काळे सुळके उभे आहेत, इतके अणकुचीदार की लांबून ज्वालामुखी वाटावेत. हे डोंगर माणसांनी केलेले. जमिनीतून कोळशाबरोबर जो दगड वर आला तो वर्षानुवर्षं टाकत गेले, त्याचे हे ढीग. त्यांना 'तेरी' म्हणतात. ११/१९ क्रमांकाच्या खाणीचे हे जुळे तेरी युरोपात सर्वांत उंच मानतात. समुद्रसपाटीपासून १८६ मीटर. आपल्या सह्याद्रीसमोर हे म्हणजे अंगणातलं ढेकूळ, पण वारा असा होता की मी शेवटची पन्नास पावलं वाकून चाललो. पायाखाली काळी चपटी खडी, दर पावलाला अर्धं पाऊल मागे. ट्रेकिंगचे बूट हवेतच. भाचा पांढरे स्नीकर्स घालून आला होता. उतरलो तेव्हा ते कोणत्या रंगाचे होते हे तोही सांगू शकला नसता.

वरून सगळं एका नजरेत येतं. विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा, प्रत्येकामागे भाजीचा पट्टा. मध्ये चर्च, शाळा. आणि त्या सगळ्याच्या मधोमध चार कोपऱ्यांवर दिव्यांचे खांब असलेलं स्टेडियम, घरांच्या मानाने अवाढव्य. वर उभं राहून मला सरळ गिरणगाव आठवलं. चाळ, भोंगा, गिरणीचा कबड्डी संघ. फरक इतकाच की इथे घर कंपनीचं, शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, चर्चसुद्धा कंपनीनेच बांधलेलं. फुटबॉल त्यातून कसा सुटेल?

स्टेडियम लाँसच्या खाण कंपनीने बांधलं, मंदीच्या काळात, काम नसलेल्या आपल्याच खाणकामगारांच्या हातून. १९३३ मध्ये ते खुलं झालं. त्याला नाव आहे कंपनीतले बडे अधिकारी फेलिक्स बोलार यांचं. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, क्लब व्यावसायिक झाला. कामगार रविवारी चेंडूमागे धावला तर संघटनेच्या सभेला जाणार नाही, असाही मालकांचा हिशोब असावा. तसं कोणी लिहून ठेवत नाही, पण गिरणीमालक काही वेगळे नव्हते.

आणि त्या पोलिश घरांतली पोरं? ती क्लबात आलीच. स्तेफान देम्बिकी, सगळे म्हणायचे 'स्तानिस', खाणीत काम केलेला माणूस. १९४२ मध्ये फ्रेंच कपच्या एका सामन्यात लाँसने ३२-० असा विजय मिळवला आणि त्यातले १६ गोल एकट्या स्तानिसचे. भाच्याने हा आकडा मला दोनदा दाखवला. नंतरचा मार्यान विस्निएव्स्की जवळच्याच गावचा, खाणवाल्या पोलिश घरातला. १९५८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या फ्रान्सच्या संघात होता. गोलरक्षक आर्नोल्ड सोविन्स्की पुढे इथेच प्रशिक्षक झाला.

उतरताना एक पाटी लागली आणि बोलणं थांबलं. १० मार्च १९०६, कुरिएर कंपनीच्या खाणी, इथून काही किलोमीटरवर. सकाळी कामाची पाळी खाली गेली आणि कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला. १०९९ मेले, त्यात कितीतरी पोरंच. २० दिवसांनी १३ जण अंधारातून स्वतःच वाट काढत बाहेर आले, आणि त्यानंतर ४ एप्रिलला आणखी एक. युरोपातली ही सर्वांत मोठी खाण दुर्घटना. ज्या वर्षी चौकातल्या पोरांनी क्लब काढला, तेच हे वर्ष.

दुपारी लूव्र. होय, पॅरिसच्या लूव्रची शाखा या गावात आहे, तीही ९ क्रमांकाच्या खाणीच्या जागेवर. उद्घाटन मुद्दाम ४ डिसेंबर २०१२ ला केलं. तो खाणकामगारांची संत बार्ब हिचा दिवस. जपानी वास्तुकारांची बुटकी, ॲल्युमिनियमची इमारत आहे. भिंतीत आपलं प्रतिबिंब पडतं पण धूसर, काचेवर वाफ धरल्यासारखं. आतलं 'काळाचं दालन' १२० मीटर लांब आणि कुठे आडभिंत नाही. एका टोकाला इसवी सनापूर्वी साडेतीन हजार वर्षं, दुसऱ्या टोकाला एकोणिसावं शतक. चालत जायचं. प्रवेश फुकट. दोन सूचना : मंगळवारी संग्रहालय बंद असतं, आणि स्टेशनपासून बसपेक्षा पायवाटच घ्या. जुन्या कोळसागाड्यांच्या रुळांची जागा आता झाडीतली वाट झाली आहे.

रात्री घरमालकीणबाईंनी विचारलं, "काय आवडलं?" मी लूव्र म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि भाच्याला काही तरी म्हणाल्या. त्याने मराठी केलं : "म्हणतायत, लूव्र छानच आहे, पण शनिवारी तिथे कोणी ओरडत नाही."

तिसरा दिवस (मंगळवार, ३ ऑक्टोबर)

तिकिटं मिळाली नाहीत. हे भाच्याने मला सोमवारी रात्री झोपताना सांगितलं, दिवा मालवल्यावर. तो म्हणे शेवटपर्यंत आशा धरून होता. २१ वर्षांनी गावात चॅम्पियन्स लीगचा सामना होणार, म्हणजे तिकीट कसलं उरतंय! पाहुण्यांच्या बाजूची तिकिटं आर्सेनलच्या सभासदांनाच, आणि याचं सभासदत्व गेल्या वर्षीच संपलेलं. मी काही बोललो नाही. मामा असण्याचा तेवढा फायदा त्याला दिला.

तरी सकाळी स्टेडियमभोवती चक्कर मारली. सामन्याच्या दिवशी आत सोडत नाहीत हे लक्षात ठेवा. आतून बघायचं असेल तर वेगळा दिवस धरा. आजचं नाव बोलार-दलेलिस. दलेलिस हे जोडनाव २०१२ चं, आणि त्यामागची गोष्ट मला संध्याकाळी कळली. शेजारच्या रस्त्यावर मार्क-विव्हियाँ फोए हे नाव वाचलं. कॅमेरूनचा हा मधल्या फळीतला खेळाडू लाँसकडून १९९८ ची फ्रान्सची लीग जिंकला आणि २००३ मध्ये देशाकडून खेळताना लियोंच्या मैदानावर कोसळून गेला. त्याचा १७ क्रमांक लाँसने नंतर कोणाला दिला नाही. याच मैदानावर १९९८ च्या विश्वचषकात लोराँ ब्लाँने पॅराग्वेविरुद्ध गोल मारला, विश्वचषकातला पहिला 'गोल्डन गोल', म्हणजे जादा वेळेत पडला की सामना तिथेच संपवणारा गोल.

एक गोष्ट भाच्याने दाखवली. बहुतेक क्लबांचे कट्टर समर्थक गोलपोस्टच्या मागे उभे असतात. लाँसचे मैदानाच्या लांब बाजूला, मारेक नावाच्या स्टँडमध्ये. म्हणजे सामनाभर आवाज खेळाडूंच्या बरोबरीने चालतो.

संध्याकाळी सहालाच एका बारमध्ये जागा धरली. भाच्याने आर्सेनलचा शर्ट घातला होता, त्यावर जाकीट, आणि जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली. आत इतकं गरम होत होतं की त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण चेन खाली यायला तयार नव्हती.

आमच्या टेबलावर एक टोपीवाले आजोबा येऊन बसले. ७७ वर्षांचे. चौदाव्या वर्षी खाणीत लागले. अशा पोऱ्यांना इथे 'गालिबो' म्हणत. त्यांची भाषा इथली गावरान, श्ती. भाच्याला निम्मी कळायची, उरलेली ते हातवाऱ्यांनी पुरी करायचे. मी भारतातून आलो म्हटल्यावर त्यांना काही विशेष वाटलं नाही. पण मी काल तेरीवर चढलो हे कळल्यावर त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं आणि खूश झाले.

त्यांनी शिदोरीची गोष्ट सांगितली. खाली न्यायच्या जेवणाला 'ब्रिके' म्हणत : पावाचे दोन जाड तुकडे, मध्ये लोणी, फार तर चीज, फडक्यात बांधलेलं. बाप घरी येताना त्यातला एक तुकडा मुद्दाम उरवून आणायचा. कोळशाची धूळ बसलेला, वाळलेला. पोरं त्यासाठी भांडायची. त्या तुकड्याला नाव होतं 'चंडोलाचा पाव'. पोरांना सांगायचं की चंडोल पक्ष्याने दिलाय. हे सांगताना आजोबांनी टेबलावरचा पावाचा तुकडा उचलला, टिश्यूत गुंडाळला आणि खिशात ठेवला. गंमत म्हणून की सवय म्हणून, कळलं नाही.

मग दलेलिस. युद्धानंतर खाणी सरकारी झाल्या आणि क्लबचं पोट खाण मंडळावरच चालत राहिलं. पण कोळसा महाग पडू लागला, एकेक खाण मिटू लागली आणि १९६९ मध्ये मंडळाने क्लबवरचा हात काढला. क्लबने व्यावसायिक दर्जा सोडला नि हौशी संघांत जाऊन बसला. आजोबांच्या शब्दांत, "खाण गेली तर नोकरी जाते. पण बोलार बंद? मग रविवारी करायचं काय?" तेव्हाचे महापौर आंद्रे दलेलिस यांनी नगरपालिका क्लबमागे उभी केली, स्टेडियमही पुढे नाममात्र एका फ्रँकला गावाकडे आलं. १९७३ मध्ये संघ पुन्हा पहिल्या श्रेणीत, १९७७ मध्ये लीगमध्ये दुसरा. ११/१९ ची खाण १९८६ मध्ये थांबली आणि या सगळ्या पट्ट्यातली शेवटची, वानीची, डिसेंबर १९९० मध्ये. खाणी संपल्या त्या सुमारास, १९८८ पासून, क्लब जेर्वे मार्तेल यांच्याकडे होता, आणि त्यांच्याच काळात ते घडलं जे आजोबांना तारखेसकट पाठ होतं.

९ मे १९९८. लीगचा शेवटचा दिवस, सामना ओसेर गावी, बरोबरी पुरेशी. मध्यंतराला लाँस ०-१ मागे. प्रशिक्षक दानिएल लक्लेर, लांब केसांमुळे टोपणनाव 'द्रुइड' (म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचा पुरोहित), यांनी ड्रेसिंग रूममध्ये डावपेच सांगायचे सोडून गाणं म्हणायला लावलं, असं सांगतात. गाणं 'ले कोरों', पिएर बाशलेचं. कोरों म्हणजे खाणवाल्यांच्या घरांची रांग. दुसरा अर्धा सुरू झाला आणि योआन लाशोरने बरोबरी साधली. लाँस आणि मेस या दोन्ही संघांचे ६८ गुण, गोलफरकावर लाँस विजेता. क्लबचं पहिलं लीग विजेतेपद. आजोबांनी हे सांगून झाल्यावर बोट वर केलं, एक. मग दुसरं बोट : त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनचं वेम्बली मैदान, आर्सेनल ०, लाँस १, गोल मीकाएल दबेव. "मी तिथे होतो," म्हणाले. भाच्याने चेन आणखी वर ओढली.

नंतरचं त्यांनी भराभर उरकलं. २००२ मध्ये शेवटच्या दिवशी लियोंकडून हरून लीग हुकली. २००८, २०११, २०१५ अशी तीनदा खालच्या श्रेणीत घसरण. मध्ये अझरबैजानचा एक उद्योगपती आला, त्याच्या पैशाची वाट बघण्यात दिवस गेले. २०२० मध्ये वर आले आणि २०२२-२३ मध्ये ८४ गुण घेऊन दुसरे, पहिल्या आलेल्या पॅरिसच्या संघाचे ८५. मग उन्हाळ्यात संघातले मोठे खेळाडू विकले गेले आणि नव्या मोसमात पहिल्या पाच सामन्यांत मिळून एक गुण! या स्थितीत आज आर्सेनल.

नऊला सुरू झालं. चौदाव्या मिनिटाला लाँसच्या गोलरक्षकाची चूक, आर्सेनलच्या साकाचा पास, जेझुसचा गोल. सगळा बार गप्प आणि माझ्या शेजारून एक अर्धवट "येस्..." निघाला. शंभर डोकी वळली. उठताना चेन छातीपर्यंत खाली आली होती आणि आतला लाल-पांढरा शर्ट स्पष्ट दिसत होता. आजोबांनी शांतपणे ती चेन दोन बोटांनी धरली, वर ओढली, आणि बारवाल्याला हाक मारून पोरासाठी एक बिअर सांगितली. "वेम्बली," ते म्हणाले, जणू जुनी उधारी फेडत होते.

पंचविसाव्या मिनिटाला लाँसच्या तोमासोंने अठरा यार्डाच्या जवळून चेंडू असा वळवून मारला की गोलरक्षक रायाचा हात नुसता हवेत राहिला. १-१. माझ्या पाठीवर तीन अनोळखी हात पडले.

मध्यंतर संपला आणि बारमधले सगळे उभे राहिले. पडद्यावर स्टेडियमही उभं. बाशले २००५ मध्ये गेला, तेव्हापासून दुसरा अर्धा सुरू होताना 'ले कोरों' म्हणतात. संथ चाल आहे, मॅचमधल्या आरोळीसारखी मुळीच नाही. आई-बाप, घर, कोळसा. आजोबांनी टोपी काढली. टोपीखाली कपाळावर एक निळसर रेघ होती. खाणीत लागलेल्या जखमेत कोळशाची पूड बसली की ती गोंदल्यासारखी कायमची राहते, असं भाच्याने नंतर सांगितलं. मी शब्द न कळता उभा होतो. गाणं १९८२ चं. त्याच वर्षी जानेवारीत आमच्याकडे गिरण्यांचा संप सुरू झाला होता. गिरणगावातल्या पोरांनी एकत्र म्हणावं असं काही उरलंय का, हे मी आठवत राहिलो आणि तोवर खेळ सुरू झाला.

६९ व्या मिनिटाला उजवीकडून फ्रांकोव्स्कीने चेंडू आत सरकवला आणि वाहीने धावत येऊन पहिल्याच स्पर्शात जाळ्यात घातला. २-१. टेबल हललं, ग्लास फुटला, कोणाचा ते कळलंच नाही. फ्रांकोव्स्की पोलंडचा. आजोबा माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले ते मला दुभाष्याशिवाय कळलं, "पोलोने! पोलोने!"

शेवटपर्यंत तेवढंच राहिलं. बाहेर आलो तेव्हा गार वारा सुटला होता. आजोबांनी गळ्यातला लाल-पिवळा मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. मी नको-नको करत होतो. त्यांनी भाच्याकडे बोट दाखवलं आणि काही तरी बोलून हसत निघून गेले. "काय म्हणाले?" भाचा जरा रागातच म्हणाला, "म्हणाले, याला दिला असता, पण याने जाळला असता."

चौथा दिवस (बुधवार, ४ ऑक्टोबर)

हा दिवस माझ्यासाठी राखला होता. लाँसहून लोकल गाडीने बेत्यून, तिथून टॅक्सीने नव-शापेल. बस शोधत बसू नका, अर्धा दिवस जातो. परतीसाठी टॅक्सी आधीच सांगून ठेवावी. आम्ही ठेवली नव्हती आणि भुरभुरत्या पावसात तासभर कोबीची शेतं बघत उभे राहिलो.

शेतांच्या मधोमध, दोन रस्ते मिळतात तिथे, एक गोल पांढरं आवार. साधारण १५ मीटर उंच स्तंभ, अशोकस्तंभाच्या धर्तीचा, वर कमळ आणि दोन बाजूंना दोन दगडी वाघ. पहिल्या महायुद्धात या आघाडीवर मेलेल्या आणि ज्यांना थडगं मिळालं नाही अशा भारतीय सैनिकांचं हे स्मारक, हर्बर्ट बेकरचं, १९२७ चं. भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं.

मी इथे का आलो ते सांगतो. २८ ऑक्टोबर १९१४ ला या गावावर हल्ला चढवला तो ४७ व्या शीख पलटणीने आणि सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपनीने. या दोन्ही कंपन्या खडकीच्या. आज आम्ही ज्यांना बीईजी (बॉम्बे इंजिनिअर ग्रुप) म्हणतो, ज्यांच्या भिंतीवरून पेरू पाडण्यात माझं बालपण गेलं, तेच हे सॅपर्स. खंदक खणायचं, पूल बांधायचं, सुरुंग लावायचं काम करणारी माणसं. त्या दिवशी त्यांना बंदुकीला संगीन लावून साध्या पायदळासारखं पाठवलं. गावात ते शिरले, घराघरात लढले, पण मागून कुमक आली नाही. गोरे अधिकारी जवळजवळ सगळे मेले किंवा जखमी झाले. उरलेले जेमतेम परत आले.

त्यांचं पॅनेल सापडायला वीस मिनिटं लागली. अनेकांना आडनाव नाही, नुसतं नाव. मी एकेक वाचत गेलो. भाचा आधी फोटो काढत होता, मग त्याने फोन खिशात घातला आणि शेवटच्या ओळींपर्यंत तोही मोठ्याने वाचू लागला. त्या आवारात आमच्याशिवाय फक्त एक माळी होता, गवत कापणारा. जाताना त्याने माझ्या गळ्याकडे बघितलं, अंगठा वर केला आणि म्हणाला, "दू-अँ." दोन-एक.

परत आल्यावर

२९ नोव्हेंबरला लंडनमध्ये परतीचा सामना झाला. पहाटे उठलो तर भाच्याचा मेसेज पडला होता, नुसता आकडा : ६-०. मी त्याला पावाच्या तुकड्याचा फोटो पाठवला. त्याला कळलं असावं, कारण नंतर दोन दिवस त्याने काही लिहिलं नाही.

मफलर मी डिसेंबरात सकाळी फिरायला जाताना वापरतो. परवा खडकी बाजारात एक बंगाली गृहस्थ समोरून आले, थबकले, आणि चेहरा एकदम उजळला. "दादा! ईस्ट बेंगॉल?"

कोलकात्याच्या त्या फुटबॉल क्लबचेही रंग लाल आणि सोनेरी हे मला माहीत होतं. लाँस, कोळसा, आजोबा, हे सगळं सांगायला गेलो असतो तर त्यांची भाजी राहिली असती.

"हो," मी म्हणालो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला.